दोन घावांमधलं अंतर

मुलुंड (पूर्व)
२ डिसेंबर २०२४

चि. श्रेयस,

आशीर्वाद. हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातले साहेब उघडून वाचणार, असं मृणालिनी वकीलबाईंनी बजावलंय, म्हणून आधी त्यांना नमस्कार. जन्मभर मी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. आता माझी कुणी तपासत असेल तर तक्रार करायला मला तोंड नाही.

खालच्या मजल्यावरचा राजेश अजून शुद्धीवर नाही. कवटीचं हाड आत दबलं होतं, ते कापून काढलंय. अस्मिता दवाखान्यातच बसून असते. त्यांच्या सईला तिच्या आजीकडे बोरिवलीला ठेवलंय. कुत्रं चावलं त्याची इंजेक्शनं तिथेच चालू आहेत. अवघी नऊ वर्षांची पोर, पोटरीचा लचका गेला.

कंपाउंडमधला तो पेव्हर ब्लॉक पोलिसांनी जप्त करून नेला. त्या जागी चौकोनी खड्डा आहे आणि आजूबाजूच्या फटींत रक्त मुरलंय. वॉचमन रोज पाइप लावतो, वाळलं की पुन्हा तपकिरी वर येतं. खालून जाताना मी मान वर करून चालतो.

तू मात्र खचू नकोस. मी त्याच संध्याकाळी पोलिसांना सांगितलंय. मी गॅलरीत झाडांना पाणी घालत होतो. राजेशने लोखंडी रॉड उचलला, तो तुझ्या खांद्यावर बसला आणि मग तू ब्लॉक उचललास. गेटवरच्या कॅमेऱ्यासमोर दिवाळीच्या शुभेच्छांचा बॅनर लटकत होता, त्यामुळे त्यात काहीच आलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, "मामा, तुमच्या एका वाक्यावर सगळी केस उभी आहे. पहिला घाव त्याचा, म्हणजे श्रेयसने जीव वाचवायला मारलं." मी म्हटलं, बाई, मी मराठीचा मास्तर, वाक्य माझं पक्कं असतं.

तू सातवीत असताना याच गॅलरीचा गज धरून कविता म्हणायचास आणि सुनंदा आतून ओरडायची, "दादा, त्याला गणितं करू दे!" शेवटी गणितंच केलीस. आठ वर्षं मी लोकांना सांगतोय, भाचा आकाशाचं काहीतरी संशोधन करतो. नक्की काय करतोस रे? परवा वकीलबाईंनी विचारलं आणि मला धड दोन वाक्यं सांगता येईनात. आता तुलाही वेळ आहे, मलाही. समजेल असं लिही.

तुझा,
नंदूमामा

---

१२ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

पत्र मिळालं, शिक्का मारलेलं. अक्षर वेडंवाकडं आलंय कारण खांदा अजून बांधलेला आहे. दाढ दुखते म्हणून जेवण कमी आहे, बाकी ठीक. बराकीत सगळे मला 'सायंटिस्ट' म्हणतात. एकाने विचारलं, बॉम्ब बनवतोस काय? नाही म्हटलं तर त्याचं तोंडच पडलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

आपल्याकडे दोन मोठे नियम आहेत आणि दोन्ही खरे ठरलेत. पहिला म्हणतो, जागा आणि वेळ मिळून एकच कापड आहे आणि वजनदार वस्तू त्याला झोळ पाडते. तो झोळ म्हणजेच गुरुत्वाकर्षण. तुझ्या दुसऱ्या मजल्यावरचं घड्याळ खालच्या मजल्यावरच्या घड्याळापेक्षा अगदी कणभर पुढे पळतं. गंमत नाही, मोजलेलं आहे. दुसरा नियम सूक्ष्म कणांचा. तिथे एक कण एकाच वेळी 'इथेही आणि तिथेही' असल्यासारखा वागतो.

आता दोन्ही एकत्र लाव. वजनदार वस्तू जर 'इथेही आणि तिथेही' असेल, तर कापडाला झोळ कुठे पडणार? वेळ कुठे मंद होणार? मग दोन घटनांमधली आधीची कुठली आणि नंतरची कुठली, हेही ठरलेलं राहत नाही. कृष्णविवराच्या पोटात आणि विश्वाच्या सुरुवातीला हे दोन नियम समोरासमोर येतात आणि एकमेकांचा गळा धरतात.

म्हणून आम्ही काही जण म्हणतो की कापड हे मूळ नव्हेच. मुळात फक्त नाती आहेत, कणाकणांतली. ती नाती विणली जाऊन जागा आणि वेळ तयार होते. तूच शिकवायचास ना, कवितेची चाल कुठल्याही एका अक्षरात नसते, अक्षरं शेजारी आली की होते? तसं. माझा प्रबंध एवढाच आहे की विणता विणता 'आधी' आणि 'नंतर' नेमके कुठे जन्माला येतात.

राजेशचं कळव. सईची इंजेक्शनं पूर्ण झाली का? फोटू जगला का, कुणी सांगत नाही.

श्रेयस

---

मुलुंड (पूर्व)
२३ डिसेंबर २०२४

चि. श्रेयस,

राजेश गेला. गुरुवारी सकाळी. तुला वकीलबाईंकडून कळलंच असेल, तरी घरच्या माणसाने लिहायला हवं म्हणून लिहितो. केस आता खुनाची झाली.

तुझा फोटू त्याच दिवशी मेला होता. कुत्र्याचं नाव फोटॉन ठेवणारा तू आणि त्याचं फोटू करणारी आपल्या बिल्डिंगची पोरं. गाडीखालून ओढून काढला तेव्हा कंबर मोडून पार लोळागोळा झाला होता.

माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. थंडीने बोटं आखडतात आणि सध्या डाव्या हाताने लिहून पाहतोय, म्हातारपणचा चाळा. गॅलरीच्या काचा बदलायच्या आहेत, जुन्या झाल्या होत्या.

तुझं पत्र मात्र मी इतक्या वेळा वाचलं की घडी फाटली. अरे, केवढं सुंदर आहे हे! शाळेत असताना अंगणात उताणा पडून मी चांदण्या बघायचो आणि वाटायचं, हे सगळं कुणीतरी एका दमात म्हटलेलं कडवं आहे. तू तर तेच सांगतोयस. मुळात आधी नाही, नंतर नाही, फक्त नाती. सगळं एकाच वेळी.

आणि मग मला एक सुचलं. खरं सांगू, गेले काही दिवस माझी झोप उडाली होती. सावडणं झाल्यावर अस्मिता मला जिन्यात भेटली. माझीच विद्यार्थिनी ती, पाठांतरात पहिली यायची. म्हणाली, "सर, एवढंच सांगा. माझ्या नवऱ्याने आधी हात उचलला होता का? बिल्डिंगीत सगळे म्हणतात तो गुंड होता." मी म्हणालो, "हो गं बाळ." ती मान हलवून वर न बघता खाली गेली. तेव्हापासून छातीत काहीतरी अडकलं होतं.

तुझ्या पत्राने ते निघालं. मुळात पहिला घाव-दुसरा घाव असं काही नाहीच, तर माझा जबाब खोटा कसा? दोन्ही घाव एकमेकांत विणलेले. मी फक्त वाचणाऱ्याच्या सोयीसाठी एक आधी ठेवला आणि एक नंतर.

वीस जानेवारीला मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर जबाब द्यायचाय. आता मी शांत मनाने देईन.

तुझा,
मामा

---

३० डिसेंबर २०२४

मामा,

थांब. आधी दोन परिच्छेद फिजिक्सचे लिहितो. येणारी-जाणारी पत्रं तपासणारा शिपाई फक्त 'मोबाईल' आणि 'चरस' शोधतो, आणि गणित दिसलं की त्याला जांभई येते, पुढचं वाचत नाही. एवढा एक फायदा झाला माझ्या शिक्षणाचा.

मी जे सांगितलं ते खाली, अगदी तळाशी घडतं. किती खाली? सूर्यमालेपुढे अणू जितका क्षुल्लक, अणूपुढे ती पातळी त्याहून क्षुल्लक. तिथे 'आधी' डळमळत असेल, कदाचित. आमचीही अजून खात्री नाही, कुणी पाहिलेलं नाही. पण तिथून वर येता येता वीण घट्ट होत जाते. धुळीच्या कणापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी 'आधी' हे आधी झालेलं असतं आणि ते कुणाच्या बापाला फिरवता येत नाही. माझ्या प्रबंधाचा सगळा मुद्दा तोच होता. विणलेलं आहे म्हणून कापड खोटं नसतं, मामा. त्याने गळा आवळता येतो.

आणि पेव्हर ब्लॉक हा फार मोठा असतो.

आता ऐक. फोटूला रोज बिस्किटं घालणारा मी. त्याला बिल्डिंगीत आणणारा मी. सईला तो चावला, तेव्हा राजेश दोनदा आपल्या दारात येऊन गेला, "कुत्रं हलव." मी हसून म्हणालो, बघू. त्या सकाळी तो रॉड घेऊन खाली उतरला. मी जिन्यात होतो. पहिला फटका कंबरेत बसला आणि फोटू मागचं अंग ओढत गाडीखाली सरकायला लागला. मारताना राजेश रडत होता. हे कुणालाच माहीत नाही. नाक गळत होतं, शिव्या देत होता आणि रडत होता. मी ओरडलो. त्याला ऐकूच गेलं नाही. रॉड पुन्हा वर गेला. कुत्र्यासाठी. माझ्याकडे त्याची पाठ होती.

मी सैल झालेला ब्लॉक उपसला आणि दोन्ही हातांनी त्याच्या कानाच्या वर घातला. हाताला कळतं, मामा, काय फुटलं ते. तो वळला. त्याने मला ओळखलं. "श्रेयस?" म्हणाला, जणू मी त्याला रस्त्यात भेटलोय. मग रॉड माझ्या खांद्यावर आला. त्याने मारला की पडता पडता लागला, मला सांगता येणार नाही. पण नंतर आला. नंतर.

तू मॅजिस्ट्रेटला खरं सांग.

श्रेयस

---

मुलुंड (पूर्व)
८ जानेवारी २०२५

श्रेयस,

आशीर्वाद लिहायची आज इच्छा नाही, पण सवयीने हात तिकडे जातो.

वकीलबाईंना तुझं पत्र दाखवलं. त्या खुर्चीवरून उठल्याच. "जाळा हे! पोरगा तुरुंगात राहून डोक्याने हललाय." बाहेर येऊन मी काडेपेटी विकत घेतली. पत्र अजून जाळलेलं नाही, पण काडेपेटी खिशात आहे.

तू मला खरं बोलायला सांगतोस? कुणासाठी? मग तूही ऐक खरं काय ते. थंडीने बोटं आखडलेली नाहीत. राजेशच्या भावाने चार जण आणले होते. मी दूध घेऊन येत होतो. त्यांनी मला मीटरच्या खोलीत ओढलं, भिंतीला तोंड दाबून धरलं आणि उजवा हात मागे पिरगाळला, ओली फांदी मोडतात तसा, थांबून थांबून. "मास्तर, याच हाताने सही केली ना जबाबावर?" कडकन आवाज आला, तो माझ्याच हाडाचा हे मला उशिरा कळलं. दूध सगळं माझ्या धोतरावर. एक जण हसून म्हणाला, "म्हातारा मुतला रे." काचाही त्यांनीच फोडल्या. मी पोलिसांत गेलो नाही, कारण साक्षीदार घाबरलेला दिसला तर केस पडते म्हणे.

या लोकांसाठी मी तुला जन्मठेपेला पाठवू?

आणि साक्षीदार मी आहे, तू नाहीस. मास्तरला शिकवू नकोस. कवितेत शब्द कसेही येतात, कर्म आधी, क्रियापद मध्येच, कर्ता शेवटी लपलेला. चाळीस वर्षं मी मुलांना अन्वय लावायला शिकवला. कोणी, कोणाला, काय केलं, ते नीट ओळीत मांडायचं. त्या दिवशी माझ्यासमोर सगळं विस्कटून आलं, आणि मी अन्वय लावला. हातात शस्त्र असलेल्याने मारलं, निःशस्त्राने उलट मारलं. असाच अर्थ लागतो. दुसरा अर्थ लागतच नाही! कुत्र्यासाठी माणूस मारणारा कर्ता मी माझ्या घरात वाढवला, असं वाक्य मला लिहिता येत नाही.

सुनंदाने जाताना तुझा हात माझ्या हातात दिला होता. तो हात आता मोडलाय, पण सोडलेला नाही.

मामा

---

१५ जानेवारी २०२५

मामा,

हाताचं वाचून मी बराकीच्या भिंतीवर डोकं आपटलं, तर शेजारचा म्हणाला, "ए सायंटिस्ट, झोपू दे यार."

माझी दाढ दुखत नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिघांनी मला संडासाच्या दारात धरलं आणि एकाने कडीवर तोंड आपटलं. पुढचे दोन दात गेले. कारण काही नाही. मी त्यांच्या जागेवर चादर टाकली होती, एवढंच. मी तुझ्यापासून लपवलं, तू माझ्यापासून. घराणंच तसं.

एक सांगतो. इथे आमच्या बराकीत प्रत्येकाची एकच गोष्ट आहे. 'समोरच्याने आधी हात उचलला.' ज्याने बायकोला जाळलं तोही तेच सांगतो. ज्याने माझे दात पाडले तोही. बोलता बोलता त्यांना ते खरं वाटायला लागतं. मीही तुझा जबाब वाचला आणि एक दिवस माझ्या डोळ्यांसमोर राजेश माझ्याकडे वळताना दिसला, रॉड उगारून, आधी. स्पष्ट दिसला. मी घाबरलो. सुटलो तर मी तसाच सुटेन, राजेशचा तो बदललेला चेहरा डोळ्यांत घेऊन. मग मी कुणीच नसेन. आणि सई जन्मभर गुंडाची मुलगी.

तू काय पाहिलंस ते मी विचारत नाही. तुला माहीत आहे.

जन्मठेपेत गणित करता येतं. कागद देतात.

श्रेयस

---

मुलुंड (पूर्व)
२४ जानेवारी २०२५

चि. श्रेयस,

अनेक आशीर्वाद.

वीस तारखेला मी कोर्टात गेलो. मॅजिस्ट्रेट तरुण बाई होत्या, माझ्या शेवटच्या बॅचमधली कुणी असावी अशा. पोलिसांना, वकिलांना बाहेर पाठवलं. म्हणाल्या, "आजोबा, कुणाचा दबाव आहे का?" मी प्लॅस्टरकडे पाहिलं आणि म्हणालो, "आहे, पण दोन्हीकडून आहे, तेव्हा मी सरळच उभा आहे." त्या हसल्या नाहीत.

"तुम्ही काय पाहिलंत?"

पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. तोंड उघडलं, आणि श्रेयस, मला पहिल्यांदाच आठवलं की मी पाहिलंच नव्हतं. तुझी आरोळी ऐकून मी खाली वाकलो, रॉड वर गेलेला दिसला आणि मी डोळे मिटून घेतले. मोठा मी शूर. उघडले तेव्हा दोघंही खाली होतात.

तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला काहीच माहीत नाही."

मी म्हणालो, "माहीत आहे. मी ऐकलं." म्हटलं, बाई, जन्मभर मी डोळे मिटून मुलांच्या कविता ऐकल्या. कुठलं अक्षर आधी आलं आणि कुठलं नंतर, यात माझा कान चुकलेला नाही. आधी दगडाचा आवाज आला, बोदा. मग मधे एक शब्द, माझ्या भाच्याचं नाव. मग लोखंड. त्यांनी विचारलं, "म्हणजे पहिला घाव?" मी म्हणालो, "माझ्या भाच्याचा." त्या लिहून घेत होत्या, आणि मी त्यांच्यासमोर टेबलाचा काठ धरून उभा होतो.

मुलाखतीला येईन तेव्हा वकीलबाई काय म्हणाल्या ते सांगेन. पत्रात लिहिण्यासारखं नाही. जामिनाची आशा सोडावी लागेल. पण त्या केस सोडत नाहीयेत. रागाच्या भरात, एकच घाव, असं काहीतरी मांडणार म्हणाल्या.

बाहेर अस्मिता उभी होती. राजेशचा भाऊ थोडा लांब. मी तिला सांगितलं, "मी तुला जिन्यात खोटं बोललो. त्याने आधी मारलं नाही. श्रेयसकडे त्याची पाठ होती." तिने माझ्या मुस्काटीत मारली. सगळ्या कोर्टासमोर, सगळ्या ताकदीनिशी. चष्मा उडाला. प्लॅस्टरच्या हातामुळे माझा तोल गेला तर तिनेच मला कॉलर धरून उभं ठेवलं आणि दातांवर दात ठेवून म्हणाली, "दोन महिने, सर. दोन महिने माझी मुलगी काय काय ऐकत होती, माहितीय? घरी येऊन तिला सांगायचं. आजच. मला नाही, तिला."

सई परत आली आहे. संध्याकाळी गेलो. ती जमिनीवर बसून पुस्तकाला कव्हर घालत होती. मी म्हणालो, "सई, तुझ्या बाबांनी श्रेयसकाकाला आधी मारलं नाही. काकाने मारलं. मी खोटं सांगितलं होतं." तिने चिकटपट्टी दाताने तोडली, नीट लावली आणि विचारलं, "पण काका तर माझ्याशी बोलायचा. मग का मारलं?"

मी कवितेचा माणूस, मला शब्द सापडायला हवे होते. कुत्र्यामुळे, म्हणणार होतो. ती पोटरीवरचा व्रण खाजवत होती. तुझी कणांची नाती, विश्वाची सुरुवात, कृष्णविवरं, सगळं आठवून पाहिलं. त्यात कुठेच याचं उत्तर नव्हतं.

मी तिला म्हणालो, हे काकालाच विचारावं लागेल. ती म्हणाली, "मग विचारा."

म्हणून विचारतोय. पण उत्तर मला पाठवू नकोस. फिजिक्सचे परिच्छेद आधी घालू नकोस, शिपाई वाचेल तर वाचू दे. अस्मिता म्हणाली आहे की पत्र आलं तर ती फाडणार नाही, मुलीच्या हातात देईल. नऊ वर्षांच्या मुलीला वाचता येईल असं लिही.

पत्ता माझाच आहे, फक्त मजला पहिला.

मामा